तळटीप क्रमांक सत्तेचाळीस

माझ्या विषयाचं नाव सांगितलं की
अक्रातले टॅक्सीवाले आरशातून मला निरखतात.
नागरी-लष्करी संबंध.
"म्हणजे लग्नं जुळवता का, मावशी?"
तसंच काहीसं, मी म्हणते.
फक्त एका पक्षाच्या कमरेला पिस्तूल असतं.

एकतीस वर्षं हेच.
तेशीच्या कॉलेजात समुद्राकडची खोली,
हरमटान सुटला की टेबलावर बोटानं नाव लिहावं इतकी धूळ,
समोर चाळीस मेजर,
इस्त्रीची घडी अशी, की तिनं पपई कापावी.
पहिल्या तासाला मी फळ्यावर विषय लिहिते
आणि मधल्या आडव्या रेघेवर खडू टेकवून विचारते:
हा पूल आहे, की कुंपण?
कुणीतरी "पूल, मॅडम" म्हणतोच.
मागच्या बाकावर एकजण गप्प असतो.
मी त्याचं नाव टिपून ठेवते.

प्रबंध चारशे बारा पानांचा.
त्यासाठी लीड्समध्ये तीन हिवाळे काढले,
उसन्या कोटात.
परीक्षकांनी तक्ते वाखाणले:
बढत्या, अंदाजपत्रकं,
संसदेच्या संरक्षण समितीला कोरम मिळाला नाही ते दिवस.
सत्तेचाळिसावी तळटीप कुणी वाचली नाही.
"रेडिओ केंद्रातील एक तंत्रज्ञ. मुलाखत. नाव राखून ठेवले आहे."

याओ अमेनुवोर. माझा बाप.

रात्रपाळी होती.
पहाटे चार चाळीसला दार वाजलं.
कॅप्टन कोवळा, मिसरूड फुटलेलं,
हातातला कागद थरथरत होता.
"माइक कुठून चालू होतो?"
बापानं दाखवलं. हे तांबडं बटण.
वर पेलाभर पाणी दिलं,
कारण पोराचा घसा कोरडा पडला होता
आणि सगळा देश ऐकणार होता.

माझ्या टेपरेकॉर्डरसमोर तो तीनदा म्हणाला,
बटण मी दाबलं नाही.
मग बराच वेळ नुसता पंख्याचा आवाज आहे.
मग: लिही हवं तर. नाव नको.

निवृत्तीच्या आदल्या दिवशी
यंदाचा गप्प मेजर, अबुकारी, खोलीत आला.
टोपी काखेत. खुर्ची दिली तरी बसला नाही.
"मॅडम, त्या तंत्रज्ञानं काय करायला हवं होतं?"

मंत्र्यांना मी उत्तरं दिली आहेत,
जनरलांना, वर्ल्ड बँकेच्या माणसांना, पायचार्ट काढून.
याला म्हटलं, विचार करून कळवते.

तेव्हापासून झोप लागत नाही
आणि मी बापाच्या वतीनं खोटं बोलते.
फ्यूज उडालाय, साहेब.
चावी इंजिनियरकडे असते, तो ओसूला राहतो.
व्हॉल्व गरम व्हायला वेळ लागतो, बसा.
अकरा थापा जमल्या आहेत.
एकही वीस मिनिटांपेक्षा जास्त टिकत नाही.

पण वीस मिनिटांत
जेम्सटाऊनच्या होड्या वाळूला लागतात,
बायका केंकेची पातेली डोक्यावर घेऊन निघतात,
रस्ता माणसांनी भरू लागतो,
आणि कोवळ्या पोराला
हातातला कागद पुन्हा एकदा वाचावा लागतो.

चारशे बारा पानांत हे नाही.
मेजरची बदली उत्तरेला झाली आहे, सीमेवरच्या चौकीत.
पाकिटावर पत्ता लिहून ठेवलाय.
आत काय घालायचं, तेवढं राहिलंय.