हितसंबंध

फायर स्टेशनच्या कुंपणाला
प्लायवूडचा भला मोठा तापमापक टेकवलेला आहे.
दर शुक्रवारी इल्मार शिडीवर चढतो,
दातांत ब्रश धरून,
आणि गावाचा ताप थोडा वर नेतो.
यंदा लाल रंग एकाहत्तर हजारांवर थांबला.
नव्वदचा आकडा कोराच राहिला,
त्याच्यावर बर्फ साचलाय.

कागदाची गिरणी होती तेव्हा
आठवड्याचे दोन डॉलर पगारातूनच जायचे,
कापलेल्या नखांसारखे,
दुखायचंही नाही.
गिरणी गेली. भोंगा गेला.
तेव्हा देणाऱ्यांतले निम्मे आता
मागणाऱ्यांच्या रांगेत आहेत,
आणि त्यांतलेही काही जण, सवयीने,
पाकिटात पाचाची नोट घालून धाडतात.

आम्ही सात जण, वाचनालयाच्या तळघरात.
तेरा अर्ज. एक हीटर, तोही कुरकुरणारा.
अध्यक्ष डेलोरिसने केक आणलाय,
स्वतःच्या खर्चाने, हे ती दरवर्षी सांगते.
बैठकीआधी एक कागद फिरतो :
यांपैकी कुठल्याही संस्थेत
आपला हितसंबंध असल्यास नमूद करावे.
पेन फिरतं. नाही. नाही. नाही.
मीही लिहिते, नाही.
कोस्किनेन, वेर्ना. निवृत्त, टपाल खातं.

एकोणीस हजार कुठून कापायचे?
बँकेतला टकर म्हणतो, सगळ्यांचं थोडं थोडं कापू,
कुणावर अन्याय नको.
हिबाक विचारते, अर्ध्या बसला चाकं किती लावणार?
डायलिसिसची ती बस,
आठवड्यातून तीनदा, जाऊन येऊन ऐंशी मैल.

मग म्हाताऱ्यांच्या गरम जेवणाचा अर्ज.
ओरिन कपात चमचा ढवळत राहतो,
कप रिकामा आहे.
त्याच्या आईच्या दाराशी अकरा चाळीसला
पांढरी व्हॅन थांबते, मी पाहिलंय,
त्या गल्लीत पत्रं मीच टाकायचे.
टकरचा भाऊ शनिवारी कुठल्या गटात बसतो,
डेलोरिसच्या नातवाला 'र' कुणी म्हणायला शिकवला,
सगळं पाकिटांच्या कोपऱ्यांवर लिहिलेलं असतं.
टपालवालीला गाव पाठ असतं
आणि ती बोलत नाही.
पगार अर्धा त्याचाच.

अर्ज क्रमांक नऊ.
बायकांचा निवारा. पत्ता दिलेला नाही,
बरोबरच आहे.
गतवर्षीचे लाभार्थी : एकशे बारा.
टकर म्हणतो, हा आकडा जरा जास्त नाही वाटत?
आपलं गाव तर एवढं शांत.

एकतीस वर्षांपूर्वी, मार्चमध्ये,
माझ्या दोन पायांत दोन वेगळ्या जोड्यांचे बूट होते.
दार उघडणाऱ्या बाईने ते पाहिले
आणि विचारलं, चहा की सूप?
बस, एवढंच.
मला उत्तर देता येईना.
यातलं काय हवं, असं कुणी विचारून
फार वर्षं झाली होती.

गादीच्या कडेला शिवलेली एक पट्टी होती,
गावच्या निधीतून, असं लिहिलेली.
त्या गादीवर मी अकरा रात्री काढल्या.
आणि गिरणीत त्या काळी
माझ्या नवऱ्याचेही आठवड्याला दोन डॉलर कापले जायचे.
म्हणजे हिशेबाने पाहिलं तर
गादीचा एखादा कोपरा त्यानेच दिलेला.
हे मला पुढे कधीतरी पत्रं लावताना सुचलं
आणि मी एकटीच इतकी हसले
की पोस्टमास्तर आतून बघायला आले.

"कमी आहे," मी म्हणते.
काय कमी आहे?
"आकडा. सगळ्या जणी नाही पोचत."

हीटर तेवढ्यात बंद पडतो.
मघाचा कागद टेबलावरच आहे, मी ओढून घेते
आणि माझं 'नाही' खोडते.
पुढे लिहायला त्या रकान्यात
दोन बोटांची जागा.
मी लिहिते : अकरा रात्री.

पेन खाली ठेवायच्या आत
ओरिनचा हात पुढे येतो.
त्याच्यानंतर, बराच वेळ छताकडे बघून, टकरचा.

डेलोरिस नियमावली उघडते,
बोट ठेवून वाचते :
हितसंबंधितांना मतदान करता येणार नाही.
मतदानास किमान चार सदस्य आवश्यक.
ती आम्हाला मोजते.
चष्मा काढते, पुसते, पुन्हा मोजते,
आणि या खेपेस
स्वतःपाशी येऊन थांबते.

केक कापायचा राहूनच गेलाय.