मुरलेला प्रेक्षक

आमच्या टीमचं नाव स्टर्जन्स.
तळाशी राहणारा मासा आहे तो,
नाव ठेवणाऱ्याला पुढचं दिसत असावं.
सतरा मोसमांत सोळा वेळा
आम्ही तक्त्याच्या तळाचा चिखल चाखला,
आणि एकदा नाही. ते कसं, ते पुढे.

थंडर बेत मार्च संपला तरी सरोवर गोठलेलंच.
स्टेडियमात बाहेरच्याहून थोडी जास्त थंडी,
तिचे बारा डॉलर.
माझा जावई टोरांटोत बसून मोठ्या टीमची जर्सी घालतो.
त्या एका जर्सीच्या पैशात
मी अख्खा मोसम हरू शकतो.
शिवाय इथे गोलकीपरला नावानिशी शिव्या घालता येतात
आणि दुसऱ्या दिवशी तोच
माझ्या गाडीचे टायर बदलून देतो.
पेट्रिशिन. डाव्या बाजूला कच्चा.
टायरमध्ये पक्का.

मॅच संपली की कारिनाकडे.
जुन्या आगीच्या बंबांच्या शेडमध्ये तिच्या पाच टाक्या.
बाकावर बसून बसून अंग आंबलं, असं म्हटलं
तर म्हणते, आंबण्यावरच पोट आहे माझं.
चौतीस वर्षं मी बंदरावर बार्ली तपासली,
मुठीत घेऊन, दाताखाली फोडून,
म्हणून नव्या बिअरचा पहिला घोट माझा,
आणि तो घेताना ती माझ्या भुवया बघते.
‘यात संत्र्याची साल कशाला?’ मी विचारतो.
‘पॉवर-प्लेला तिघं मागे कशाला?’ ती विचारते.
दोन्ही प्रश्न वर्षानुवर्षं तसेच.

कोपऱ्यात मात्र एक पिंप, त्यावर खडूनं:
जिंकल्यावर.
पहिल्या मोसमात भरलेलं. काळी, दाट, राय आणि मधाची.
दर एप्रिलला आम्ही त्याची धूळ पुसायचो.
मुरू दे, म्हणायचा वेड पेलटिए,
आमचा सेंटर, नदीपलीकडच्या ओजिब्वे वस्तीतला,
मुरलं की सगळंच गोड लागतं.

तर ते एकदा.
गेल्या वर्षी आम्ही फायनलला पोचलो.
दोन टीमच्या बसगाड्या वादळात अडकल्या,
काही पक पेट्रिशिननं चक्क डावीकडे अडवले.
तिसऱ्या पिरियडमध्ये बरोबरी, सहा मिनिटं बाकी,
आणि बर्फाखालचा पाइप फुटला.
निळ्या रेषेवर आधी ओल, मग डबकं,
मग गुडघ्यावर बसून
हातमोज्यानं पाणी उपसणारा वेड.
सगळ्यांच्या तोंडाला फेस आला,
पेल्यातला नव्हे, दुसरा.
लीगचं पत्र आलं: निकाल नाही.

म्हणजे जिंकलो नाही. हरलोही नाही.
पोर्ट आर्थरकडचे म्हणाले, उघडा.
फोर्ट विल्यमकडचे म्हणाले, नियम तो नियम.
(दोन्ही गावांचं एक शहर होऊन अर्धं शतक उलटलं,
बाकं अजून वेगळी.)
कारिनानं कुणाला न विचारता
तोटी ठोकली.

व्हिनेगर.
अस्सल, नाकातून मेंदूत जाणारं व्हिनेगर.

बराच वेळ कुणी पेला खाली ठेवेना, वरही नेईना.
फक्त कारिनाची आई उठली, ब्याऐंशी वर्षांची,
चष्मा कपाळावर सरकवून तिनं वास घेतला
आणि म्हणाली,
हेरिंग आणा.

माझ्या फ्रिजात आता शेवटची बरणी आहे.
कांदा, मिरी, मासा आणि सतरा वर्षं.
रायच्या पावावर एकेक तुकडा ठेवतो,
पुरवून पुरवून खातो.
जावयाला चाखवला. तो पाणी मागत होता.

कारिनानं नवं पिंप भरलंय. बार्ली मी निवडली.
खडू माझ्या हातात दिला तिनं.
जिंकल्यावर लिहायला हात धजेना,
शेवटी नुसतं साल लिहिलं.
संत्र्याची का, तिनं विचारलं.

नव्या मोसमाचं तिकीट काढून झालं.
जागा तीच, नववी रांग, खांबामागची.
खांबामुळे गोलची डावी बाजू दिसत नाही.
बरंच आहे ते.