मुरमाची सवय

होटगी रोडच्या प्लॉटवर जेसीबी लागायच्या
आदल्या सांजेला
सायण्णांनी चमच्यानं उकरून आणली
विष्णुक्रांता,
मुळाला चिकटलेल्या मुरमासकट.

मुरूम झटकला. काळी माती घातली, शेणखत,
आणि चार दिवसांआड येणाऱ्या नळाचं
पहिलं तांब्याभर तिला.
ती माजली, लांबली,
फूल मात्र एक नाही.
"लाडानं बिघडली की वो,"
विडीचं पान कातरत नरसम्मा म्हणाल्या.

एप्रिलात वाळली.
काडी टचकन मोडली.
सायण्णा पुन्हा त्याच प्लॉटवर गेले;
पायाच्या खड्ड्यातला मुरूम
वॉचमननं फुकट दिला, वर हसला.
डबा तोच, मूळ तेच, माती तिची.
पाणी आठवलं तर.

ऑगस्टात एक.
नखाच्या निम्म्याएवढं.
एकतीस वर्षं रंगखात्यात निळ्यात हात घातलेला माणूस
चष्मा पुसून वाकला:
"हा नंबर आपल्या कार्डात नव्हता."

दुपार चढली की ते मिटतं.
मिलचा भोंगा
कधीचाच बंद झालाय.
सायण्णा फुलाकडे बघतात
आणि भाकरी सोडतात.