डबी नंबर एकशे बारा

सकाळच्या पहिल्या बेडक्याची डबी
हिंदुराव चौगले स्वतःच घेऊन येतात,
वडणग्याहून, शिवाजी पूल ओलांडून,
पंच्याच्या गाठीत, अंडं आणावं तशी.
दोन जिने. वळणावर कठडा धरून
हिशेब लागत नसल्यासारखे उभे राहतात.
"लिफ्ट आहे की, काका."
"असू दे. दम किती उरलाय
ते मला कळाय नको?"

तीस हंगाम गुऱ्हाळावर.
आधी जळव्या. चुलवाणाच्या तोंडाशी
चिपाडं सारायची आणि धूर गिळायचा.
मग गुळव्या. काहिलीवर वाकून
वाफेच्या वासावरनं सांगायचे:
आला पाक, उतरा.
बिडी कधीच नाही. हे दोनदा सांगतात,
मी फौजदार असल्यागत.

केसपेपरवर लिहिलंय,
श्वासनळ्या सैल पडून रुंदावल्यात.
कफ तिथंच तुंबतो,
सरीत पाणी तुंबावं तसा,
आणि तुंबल्या पाण्यात
कुणीतरी राहायला येतंच.

तारेनं प्लेटवर रेघ ओढली,
तिच्यावर आडवी दुसरी,
रात्रभर सदतीस अंशांच्या उबेत ठेवली.

सकाळी झाकण उचललं.
हिरवट झाक. आणि वास,
जरा उतरलेल्या द्राक्षांचा.
या जंतूचा असाच असतो,
परीक्षेला आला होता, मला पाठ आहे.
तरी झाकण हातातच राहिलं.
ज्याच्या नाकावर गावचा गूळ उतरायचा
त्याच्याच छातीत हे गोड शिजत होतं
आणि त्याला पत्ता नाही.

मग औषधांच्या चकत्या. आठ.
दोघींच्याच भोवती गोल मोकळा झाला.
बाकीच्यांना जंतू ओळखून आहे:
दरवेळी तिसऱ्या दिवशी ताप उतरायचा
आणि उरलेल्या गोळ्या देव्हाऱ्यामागं जायच्या.

चौथ्या दिवशी रिपोर्ट न्यायला आले.
"डॉक्टर जेवढे दिवस सांगतील तेवढे दिवस, काका.
बरं वाटलं तरी सोडायचं नाही."
मान हलवली. मग हळूच,
"त्याला वास येतो का गं?"
आजवर कुणी विचारलं नव्हतं.
"येतो."
"कसला?"
"द्राक्षांचा."

ते हसले. "द्राक्षं! आन् आमी
जलमभर ऊस गाळला!"
हसण्याचा खोकला झाला,
खोकला थांबेना,
मी स्टूल पुढं सरकवलं, पंचा उचलून दिला.
डोळे पुसत म्हणाले,
"आनी एक डबी दे रिकामी.
पुढच्या बारीला लागंल."