पाळी सोमवारी

दार करकरणार, मांजर आडवं जाणार,
पांढऱ्या साडीतली बाई पाठमोरी बसणार,
एवढं तर पूर्व भागातलं शेंबडं पोरही सांगतं.
इरण्णा म्हणाला, "जुनंच की बे सगळं."
मी म्हटलं, जुनंच घेऊ. फक्त आपल्या गल्लीतलं घेऊ.

येमूलांचा बंद कारखाना मिळाला, तीन रात्रींच्या बोलीवर.
आठ माग. एकावर अर्ध्यात थांबलेली चादर,
मोराची मान विणून झालेली, पिसारा नाही.
करकरायला दारच नव्हतं, शटर होतं.
ते ओरडलं तेव्हा पलीकडून कुणीतरी
झोपेतच विचारलं, "शिफ्ट सुटली का?"

भूत म्हणून नरसम्मा आल्या.
दोन शॉटच्या मधे त्याच साडीत, पाय पसरून,
मांडीवर सूप घेऊन विड्या वळायच्या.
"हजार झाल्याशिवाय मी कुणाला भिववणार नाही."
इरण्णानं कॅमेऱ्यातून सहज बघितलं:
पाठमोरी बाई, मान खाली,
बोटं काहीतरी गुंडाळतायत, गुंडाळतायत.
मी ॲक्शन म्हणालोच नाही.

दिवा घालवायचा का?
दिवा गेला तर इथे कोण भितं,
माणसं पुठ्ठा शोधतात वारा घ्यायला.
दिवे राहू दिले. आवाज काढून घेतला.
तौफिकनं शेजारच्या मागांचा खटखटाट भरून आणला,
तो चौदा मिनिटं मागे ठेवला,
इतका की ऐकू येईनासा झाला,
आणि मग
बंद.

आणि नळ.
थेंब.
थेंब.

दाजी पेठेत दाखवला.
टॉवेलांचा न कापलेला ताका भिंतीवर ताणला होता,
सगळ्यांच्या चेहऱ्यांना बारीक लव आलेली.
शटरला लोक हसले. मांजराला शिट्टी पडली.
थेंब वाजला तशा चार बायका उठल्याच,
एकीनं पोराला हाक मारली, "मोटर लाव रे!"
घागरींच्या ओढीनं उंबऱ्यापर्यंत गेल्या
आणि तिथे एक थबकली.
"अगं, पाळी तर सोमवारी."

नंतर कुणी खाली बसलं नाही.
पडद्यावर अजून काहीच झालेलं नव्हतं,
एक नळ, एक बादली, तळाला ओल.

नरसम्मा पहिल्या रांगेत, स्वतःला बघत होत्या.
संपल्यावर माझा शर्ट ओढून म्हणाल्या,
"तीस वर्षं मी दोरा उजवीकडनं गुंडाळते.
ही बाई डावीकडनं गुंडाळतीय."

शॉट उलटा लागला असेल, मी म्हणालो.
इरण्णाकडे बघितलं.
तो वायरी गोळा करत होता,
नेहमीपेक्षा जरा घाईनं.