अंडरसाइज

मोहाडीच्या पॅकहाउसमध्ये सात सीझन
माझ्या हातात प्लॅस्टिकची कडी होती.
अठरा एमएमच्या कडीतून मणी खाली पडला
की तो घड वेगळ्या क्रेटमध्ये.
त्या क्रेटचं पुढे काय होतं,
आम्ही बायकांनी कधी विचारलं नाही.

आता त्र्यंबक नाक्याजवळच्या दवाखान्यात
काचेच्या पेटीला चिकटपट्टीनं लावलेली चिठ्ठी:
वैजयंताचं बेबी, मुलगा,
एकतीस आठवडे, अकराशे चाळीस ग्रॅम.
माझ्या मनानं लगेच पनेट मोजले,
अर्ध्या किलोचे दोन, वर मूठभर.
मग लाज वाटली.

पहिल्या दिवशी चीक आला. वाटीचा तळही भिजला नाही.
सासूबाई म्हणाल्या, एवढ्याशाचं काय करायचं गं,
आणि वाटी विसळायला उचलली.
रोझलिन सिस्टरनं ती त्यांच्या हातातून घेतली,
कडेला लागलेलासुद्धा सिरिंजमध्ये ओढला
आणि बोळा बुडवून
त्याच्या गालाच्या आतून फिरवला.
त्याची जीभ हलली.
जीभ हलते हे मला तेव्हा कळलं.

दर दोन तासांनी एक एमएल.
तोंडातून पोटात गेलेली नळी,
आधी मागचं शिल्लक आहे का पाहायचं,
मग दट्ट्या काढलेली सिरिंज वर धरायची.
ढकलायचं नाही.
दूध आपल्या वजनानं उतरतं.
हात भरून यायचा, एवढ्याशा दुधाला.

बागेत घड जीएत बुडवले
की आठवड्यात मणी फुगतात.
मी विचारलं, याला नाही का तसं काही?
सिस्टर हसल्या नाहीत.
"घाई केली तर आतडं सुजतं, वैजयंता.
दीडाचे दोन उद्या. पोट फुगलं नाही तर."

आधी तो उतरला. हजार साठ.
मी रात्री दोनला उठायची, पाचला उठायची,
जानेवारीच्या गारठ्यात बोटं चोळून गरम करायची
आणि पिळायची.
तिकडे आम्ही माल गारव्यानं टिकवतो.
इथे सगळं उबेवर.
दुपारी त्याला माझ्या उघड्या छातीवर ठेवत,
वरून शाल, डोक्याला टोपी,
मोज्याएवढी.

शेजारच्या खाटेवर वडाळ्याची नाजनीन.
तिचं बाळ आठव्या दिवशी गेलं.
दूध गेलं नाही.
दूध थांबत नाही, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
ती दूधपेढीच्या खोलीत जाऊन बसली,
दोन बाटल्या भरून दिल्या
आणि भावासोबत रिक्षात बसून गेली.

पुढच्या आठवड्यात मला ताप आला, दूध आटलं.
चार दिवस पेढीतली बाटली.
बाटलीवर नाव नसतं. नंबर, तारीख.
मी तारखेवर बोट ठेवलं.
विचारलं नाही.

मग दुधात पुडी मिसळायला लागले, हाडांसाठी.
आणि एका सकाळी काटा पंधरा ग्रॅमनं पुढे गेला.
मी सोपानला फोन केला: तीन मणी वाढला.
पलीकडे क्रेट आपटल्याचा आवाज,
मग तो म्हणाला, कुठल्या साइजचे?
कडीतून पडणारे, म्हटलं.
बराच वेळ तो काही बोललाच नाही.
मग म्हणाला, चालतील.

चोखायचं, गिळायचं, मध्येच श्वास घ्यायचा,
ही तीन कामं आतच शिकून यायची असतात.
हा बाहेर शिकतोय.
चौतिसाव्या आठवड्यात पहिल्यांदा अंगावर घेतला.
नळी तशीच, गालावर चिकटपट्टी तशीच.
त्यानं हुंगलं, तोंड चुकवलं,
ठसका लागला, निळसर झाला,
सिस्टरनं पाठ चोळली,
पुन्हा लावला.

चारदा ओढलं आणि झोपला.

सिस्टरनं तक्त्यात लिहिलं:
अंगावर, चार घोट.
बाकी नळीनं.