एक जानेवारी दोन हजार

फोटो एकूण त्रेचाळीस हजार सहाशे अठरा.
काल रात्रीपर्यंत.
आज सकाळी शेजारच्या ओजसने त्याच्या मांजरीचे
आणखी बावीस पाठवले.

दोन हार्ड डिस्क, तीन जुने फोन, एक पेनड्राइव्ह
ज्याचं टोपण औषधांच्या डब्यात सापडलं.
फोल्डरांची नावं: नवीन. नवीन २. खरंच नवीन.
‘नंतर बघू’च्या आत आणखी एक ‘नंतर बघू’,
आणि त्याच्या पोटात सायखेड्याचं बारसं.
बाळ आता इंजिनिअरिंगला आहे.

आणि मी म्हणे एकतीस वर्षं
नाशिकरोडला, नोटांच्या प्रेसमध्ये, तपासणीला होते.
सरकलेला क्रमांक, ओघळलेली शाई,
डोळ्यांच्या आधी अंगठ्याला कळायचं.

तेव्हा सॉफ्टवेअर बघायला काढली.

पहिलं देखणं.
सगळं क्लाउडवर ठेवतो म्हणालं, तुम्ही निवांत.
महिन्याला दोनशे दहा.
विचारलं, हप्ता थकला तर?
त्यानं चौदा पानी करारनामा उलगडला
आणि तळाशी हिरवं बटण: मान्य.
जेल रोडला एक घरमालक असाच गोड बोलायचा.
डिपॉझिट अजून त्याच्याकडेच आहे.

दुसरं फुकट, आणि कामसू.
एका रात्रीत चेहरे ओळखून मोकळं.
माझ्या दोन्ही नणंदा त्यानं एकच केल्या.
(त्यांना सांगितलेलं नाही.)
दुतोंड्या मारुतीभोवती चौकोन काढून विचारलं,
ही व्यक्ती कोण?
मी नाव लिहिलं.
तर म्हणे, आडनाव?
हसले, तेवढ्यात डिस्क भरली.
प्रत्येक फोटोची प्रत काढून
ते स्वतःच्या तळघरात नेऊन ठेवत होतं,
आणि तळघराची किल्ली त्याच्याचकडे.

तिसरं करडं.
बटणं सरकारी फॉर्मसारखी.
पण फोटो जिथे आहेत तिथेच राहू देतं,
आणि जे लिहाल ते फोटोच्याच पाठीवर लिहितं,
पूर्वी शिसपेन्सिलीनं लिहायचो तसं.
उद्या मी दुसरीकडे बिऱ्हाड हलवलं
तर चिठ्ठ्या बरोबर येतात.
घर बघताना मी आधी नळ सोडून बघते.
इथं पाणी आलं.

मग त्याला तारखेनं लावायला सांगितलं सगळं.

लागलं. फक्त एका दिवशी
नऊशे सात फोटो.
एक जानेवारी दोन हजार.

त्या चंदेरी छोट्या कॅमेऱ्याचं काम. आतला सेल मेलेला.
बॅटरी काढली की त्याचं कॅलेंडर
दर वेळी तिथंच जाऊन बसायचं, हट्टी मुलासारखं.

म्हणजे त्या एका दिवशी
गोदेचं पाणी मारुतीच्या छातीला लागलं,
रहाडीत उडी मारून मुकुंद पिवळाधमक वर आला,
गच्चीवर कोजागिरीचं दूध उतू गेलं,
नणंदा एका रंगाच्या साड्यांवरून भांडल्या
(दोघी. स्पष्ट दिसतात दोघी),
गंगापूर धरणावर आम्ही बदकं मोजली, चुकलो, पुन्हा मोजली.
मुकुंद सकाळी भरघोस केसांत,
तिसऱ्या प्रहरी लोकरीच्या टोपीत,
त्यानंतरच्या फोटोंत नुसती त्याची खुर्ची,
आणि मग लगेच, पुढच्याच चौकटीत, परत रहाड, परत पिवळा.

सॉफ्टवेअरनं विचारलं:
तारीख चुकीची दिसते. नऊशे सात फोटो दुरुस्त करू?

प्रेसमध्ये असा कागद हाती आला
की बाजूला काढायचा, नोंद करायची, आणि चुऱ्यात.
घरी कधी सांगायचं नाही किती गेले.
अंगठा आपोआप पुढे सरकला.

मी ‘नको’ दाबलं.

ते गप्प बसलं. पुन्हा विचारलं नाही,
आजपर्यंत नाही.

ओजस म्हणाला, काकू, याच्यात काय बघितलंत?
दिसायला तर अगदीच हे आहे.
मी म्हटलं, नाही म्हटलेलं त्याला कळतं.

मांजरीचे बावीस मात्र आजच्या तारखेला नीट बसले.
त्यातले अकरा हललेले, एकात नुसती शेपटी.
ठेवलेत.